न वापरलेली सनद

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर, बराकपूरच्या समोर सेरामपूर वसले आहे. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही, पण मराठी मुद्रणाच्या इतिहासात जे ‘श्रीरामपूर’ भेटते ते हेच. तिथल्या जुन्या कॉलेजच्या एकाच आवारात दोन विद्यापीठे नांदतात. बी.ए. आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पदवी मिळते ती कलकत्ता विद्यापीठाची. त्याच आवारात धर्मशास्त्र शिकणाऱ्याला मात्र सेरामपूर स्वतःच्या अधिकारात पदवी देते. हा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने दिलेला नाही, ईस्ट इंडिया कंपनीनेही नाही. तो दिला डेन्मार्कच्या राजाने, २३ फेब्रुवारी १८२७ रोजी कोपनहेगनमध्ये सही झालेल्या सनदेने. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे त्यानंतर ३० वर्षांनी, १८५७ साली निघाली.

एवढे वाचून ‘भारतातले पहिले विद्यापीठ’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तसे पुष्कळांनी म्हटलेही आहे. पण सनदेत नाव कॉलेजचेच आहे. आणि तिच्या आधारे पहिली पदवी दिली गेली ती १९१५ साली. मधली ८८ वर्षे हा अधिकार होता, फक्त कुणी वापरला नाही. मिळवायला एवढा खटाटोप केलेली गोष्ट मग पडून का राहिली, आणि पडून राहूनही ती रद्द कशी झाली नाही, हे दोन प्रश्न या लेखाचे आहेत.

कागद भरपूर आहेत. १८१८ची मूळ योजना, १८२७ची सनद, १८३३ची नियमावली, १८४५चा तह आणि १९१८चा बंगाल कायदा ही पाच मुख्य. त्यांच्या मधल्या जागा भरायला मिशनऱ्यांची पत्रे आहेत, संस्थापक विल्यम कॅरीचे मृत्युपत्र आहे आणि जॉन क्लार्क मार्शमनने १८५९ साली लिहिलेले दोन खंड आहेत. हा मार्शमन लहानपणापासून सेरामपुरात वाढला, दुसरा संस्थापक जोशुआ मार्शमन याचा मुलगा, सनदेत ज्यांची नावे आहेत त्या तिघांपैकी एक, आणि पुढे कॉलेजचा खर्च अंगावर घेणारा. त्याच्याइतके आतले कुणालाच ठाऊक नव्हते. पण साक्षीदार घरचा आहे हे विसरून चालत नाही. इमारतीची मापे, पगार, तारखा यांबाबत मी त्याच्यावर विसंबतो. भांडणात कोण बरोबर होते, याबाबत नाही.

सेरामपूर मुळात डॅनिश वखार. १७५५ साली नवाब अलिवर्दी खानाच्या परवान्याने डॅनिश लोकांनी तिथे बस्तान बसवले आणि आपल्या राजावरून गावाला फ्रेडरिक्सनगर असे नाव दिले. इंग्रज मिशनऱ्यांनी तिथे यावे याचे कारण सरळ होते: कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये उतरला, पण पहिली काही वर्षे त्याने नीळ कारखान्यावर नोकरी करीत काढली. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड १७९९च्या ऑक्टोबरात आले ते थेट डॅनिश हद्दीत. गव्हर्नर ओले बी याने त्यांना संरक्षण दिले, आणि १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही येऊन मिळाला. कॅरी चांभारकाम शिकलेला, मार्शमन विणकराचा मुलगा आणि पेशाने शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला. इंग्लंडमध्ये तिघेही राजमान्य चर्चच्या बाहेरचे, बॅप्टिस्ट. त्या काळी अशा माणसाला ऑक्सफर्डमध्ये प्रवेशच नव्हता, कारण तिथे नाव घालतानाच अँग्लिकन चर्चच्या धर्मकलमांवर सही करावी लागे. पुढे कॅरी आणि मार्शमन यांना ‘डॉक्टर’ म्हणू लागले ते अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने सन्मानार्थ दिलेल्या पदव्यांमुळे. पदवी देण्याचा अधिकार मागायला निघालेल्या माणसांची स्वतःची परिस्थिती अशी होती. सनदेचा विचार करताना मला हे महत्त्वाचे वाटते.

पैसा कुठून आला हेही पाहायला हवे, कारण पुढचे सारे भांडण पैशाचे आहे. तिघांनी कमाई एका पेटीत टाकायची आणि प्रत्येकाने खर्चापुरते उचलायचे असा करार केला होता. मार्शमन आणि त्याची बायको हॅना युरोपियन मुलामुलींसाठी निवासी शाळा चालवीत. ती चांगली कमवी. वॉर्डचा छापखाना १८०० सालापासून चालू होता. आणि कॅरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नोकरी मिळाली. कंपनीच्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी गव्हर्नर जनरल वेलस्लीने हे कॉलेज काढले होते. १८०१ साली ५०० रुपये महिना, आणि १८०७ साली प्राध्यापक झाल्यावर १,००० रुपये. विषय होते बंगाली, संस्कृत आणि मराठी.

म्हणजे सेरामपूरच्या त्या इमारतीत मराठीचाही पैसा आहे. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरलाच छापले गेले आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० साली. व्याकरण देवनागरीत छापावे लागले, कोशापर्यंत मोडीचे खिळे तयार झाले होते. कॅरीचा मराठी आधार म्हणजे वैजनाथ पंडित. फोर्ट विल्यमच्या मराठी वर्गासाठी सिंहासन बत्तिशी, हितोपदेश, प्रतापादित्याचे चरित्र अशी गद्य पुस्तके १८१४ ते १८१६ या काळात त्याच छापखान्यातून बाहेर पडली. मराठी मुलूख तेव्हा पेशव्याच्या ताब्यात होता, आणि मराठीची छापील पाठ्यपुस्तके हुगळीच्या काठी निघत होती. त्यांचा वाचक मराठी माणूस नव्हता, तर परीक्षा देणारा इंग्रज पोरगा होता. मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण ही पुस्तके मोजतो, पण ती कुणासाठी होती हे सांगायला बहुतेकदा विसरतो.

या छापखान्याला ११ मार्च १८१२च्या संध्याकाळी आग लागली. यंत्रे आणि ठशांचे पोलादी साचे वाचले, म्हणून छपाई थोड्याच महिन्यांत पुन्हा सुरू झाली. हस्तलिखिते मात्र गेली. कॅरी ज्यावर कित्येक वर्षे काम करीत होता तो अनेक भाषांचा तौलनिक कोश त्यात जळाला. या आगीआधीच्या सेरामपूरबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः इंग्लंडला गेलेल्या पत्रांवरून आणि छापून बाहेर पडलेल्या प्रतींवरून. १८१२ नंतरचे कागद दोन्हीकडे सापडतात. कॉलेजचा इतिहास आगीनंतरचा आहे हे आपले नशीब.

आता १८१८. त्या वर्षी एप्रिलात सेरामपूरहून ‘दिग्दर्शन’ हे बंगाली मासिक निघाले, मे महिन्यात ‘समाचार दर्पण’, आणि १५ जुलै रोजी कॉलेजची योजना प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकातच सारे सांगितले आहे: आशियातील ख्रिस्ती ‘आणि इतर’ तरुणांना पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय विज्ञान शिकवण्यासाठी कॉलेज. तपशील वाचला तर ती आजही चकित करते. संस्कृत हा पाया. त्याबरोबर अरबी, फारसी, आणि चिनीसुद्धा, कारण मार्शमनने चिनी भाषेवर वर्षे घालवली होती. विज्ञान शिकवायचे ते मुलांच्या स्वतःच्या भाषेत. इंग्रजी सरसकट सगळ्यांना नाही. ज्यांना वेळ आणि कुवत आहे अशा थोड्यांनाच, आणि तेही स्वतःच्या भाषेत पाया पक्का झाल्यावर. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे मेकॉलेचे टिपण यायला अजून १७ वर्षे होती.

हेतू अर्थात धर्मप्रसाराचाच होता, आणि त्यांनी तो लपवलेला नाही. हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्म टिकायचा असेल तर इथल्याच माणसाने इथल्याच माणसाला पटवला पाहिजे, परक्या पाद्र्याने नाही, आणि त्या माणसाला पंडितांशी वाद घालता येईल एवढे संस्कृत यायला हवे, असा त्यांचा हिशेब. पण त्या हिशेबातून ‘इतर’ तरुणांनाही दार उघडे राहिले. पहिल्या वर्षी ३७ विद्यार्थी होते, त्यांपैकी १९ ख्रिस्ती. योजनेला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आश्रयदाता म्हणून लाभला. डॅनिश गव्हर्नर क्रेफ्टिंग हाही सोबत होता.

मग इमारत बांधली. जॉन क्लार्क मार्शमनने दिलेली मापे अशी: मधला भाग १३० फूट लांब आणि १२० फूट खोल. तळमजल्यावरचे दालन ९५ फूट बाय ६६ फूट. वरच्या मजल्यावर तेवढाच दिवाणखाना, उंची २६ फूट, आयोनिक खांबांच्या दोन ओळींवर पेललेला, वार्षिक परीक्षांसाठी. नदीकडे तोंड करून सहा खांबांची देवडी. खांब बुडाशी चार फुटांहून जास्त व्यासाचे. आत ओतीव लोखंडाचे दोन जिने. जिने आणि पुढचे फाटक डॅनिश राजाने भेट दिले असे गावात सांगितले जाते. मार्शमन सांगतो की ते बर्मिंगहॅमला घडवले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, राजा बर्मिंगहॅमला पैसे मोजू शकतोच. पण ज्याच्या डोळ्यांदेखत ते बसवले गेले तो राजाचे नाव घेत नाही, हे नोंदवून ठेवतो. राजाने दिलेल्या ज्या देणग्यांची नोंद पक्की आहे त्या वेगळ्या: १८२०च्या आपल्या पत्रासोबत तिघांना सुवर्णपदके, आणि मिशनच्या आवाराला लागून असलेले एक मोठे घर जागेसकट.

इमारतीला सुमारे १५,००० पौंड लागले, आणि ते मुख्यतः त्या सामाईक पेटीतून गेले. आणि इथेच इंग्लंडमधली मंडळी बिथरली. त्यांना पाठवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचा मूळ चिटणीस अँड्र्यू फुलर १८१५ साली वारला होता. तो कॅरीचा मित्र. हिशेब विचारणारा नव्हे. त्याच्या मागून आलेल्या समितीला सेरामपूरची सारी मालमत्ता सोसायटीच्या नावावर हवी होती. सेरामपूरकरांचे उत्तर असे की ती आम्ही आमच्या पगारातून उभी केली आहे, तुमच्या देणग्यांतून नाही, आणि ती आमच्या खाजगी मालकीचीही नाही. कलकत्त्याच्या तरुण मिशनऱ्यांनी म्हाताऱ्यांशी फारकत घेतली. खांबांची इमारत म्हणजे पाद्र्यांना न शोभणारा थाट, अशी टीका इंग्लंडमध्ये छापून आली.

अमेरिकेतला प्रकार आणखी बोलका. वॉर्ड १८२०–२१मध्ये तिकडे जाऊन कॉलेजसाठी सुमारे १०,००० डॉलर जमवून आला. देणगीदारांपैकी काहींनी अट घातली की हा पैसा विज्ञान शिकवण्यावर खर्च करू नये, धर्मशास्त्रावरच करावा. कॅरीने फिलाडेल्फियाच्या आपल्या स्नेह्याला, स्टॉटनला, लिहिलेले उत्तर उपलब्ध आहे. एरवी मवाळ लिहिणारा हा माणूस त्या पत्रात चिडलेला आहे. विज्ञानाशिवाय धर्मोपदेशक तयार तरी कसे करायचे, आणि तुम्ही अमेरिकेत तसे करता काय, असे तो विचारतो. पैसा तिकडच्या विश्वस्तांकडेच राहिला आणि व्याज येत राहिले.

कॅरीचा राग कागदी नव्हता. १८२१ साली एडिंबरोला शिकलेला जॉन मॅक कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आला. त्याचे ‘किमिया विद्यार सार’ हे १८३४ साली निघालेले पुस्तक म्हणजे बंगालीतले रसायनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. कॅरीची पाच एकरांची वनस्पतीबाग होती. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गचा ‘फ्लोरा इंडिका’ त्याने संपादित करून सेरामपूरला छापला. १८२३च्या पुरात ती बाग वाहून गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉर्ड वारला होता, आणि शरद ऋतूत कॅरी नावेतून उतरताना पडून महिनोन्‌महिने खाटेला खिळला.

या पार्श्वभूमीवर सनदेकडे पाहायला हवे. जोशुआ मार्शमन १८२६ साली युरोपात होता. त्याची दोन कामे चालली होती: लंडनमध्ये सोसायटीशी वाटाघाटी, आणि कोपनहेगनमध्ये फ्रेडरिक सहावा याची भेट. सनदेवर सही झाली फेब्रुवारी १८२७मध्ये. सोसायटीशी संबंध औपचारिकपणे तुटले तेही १८२७मध्येच. सनदेने कॉलेजला कायदेशीर व्यक्तित्व दिले: ते स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगू शकते, नियम करू शकते, आणि त्याचा कारभार कॅरी, जोशुआ मार्शमन व जॉन क्लार्क मार्शमन या तिघांच्या कौन्सिलकडे राहील. पदव्या देण्याचा अधिकार त्याच दस्तऐवजात आहे. कॅरीचा चरित्रकार जॉर्ज स्मिथ तो कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांच्या बरोबरीचा ठरवतो.

माझे मत असे की त्या क्षणी मार्शमनला पदव्यांपेक्षा मालकी जास्त हवी होती. लंडनची समिती ज्या जागेवर दावा सांगू शकत होती ती जागा आता एका परक्या राजाच्या सनदेने उभ्या राहिलेल्या संस्थेची झाली. तसे कुणी स्पष्ट लिहून ठेवलेले नाही. हा तर्क तारखांवरून आणि सनदेतल्या रचनेवरून केलेला आहे. त्याला बळकटी मिळते ती कॅरीच्या मृत्युपत्रातून. त्यात पहिली गोष्ट अशी की सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर आपला कसलाही हक्क नाही असे तो स्वच्छ लिहितो. मग तो आपला संग्रह, म्हणजे खनिजे, शंखशिंपले, पोवळी, किडे, वाळवलेल्या वनस्पती, परभाषांतली बायबले, इटालियन आणि जर्मन पुस्तके, कॉलेजला देतो. उरलेली पुस्तके लिलावात विकून त्यातले १,५०० रुपये जेबेझ या मुलाला द्यावेत, कारण इतर मुलांना तेवढे मिळालेले आहेत, असे सांगतो. ३० वर्षे मोठा पगार घेतलेल्या माणसाजवळ मुलाला द्यायला पुस्तके विकूनच पैसे होते. मालमत्तेच्या भांडणात खाजगी लाभाचा आरोप करणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर सापडणार नाही.

सनदेनुसार नियमावली झाली १२ जून १८३३ रोजी. ती मला सनदेपेक्षा रसाळ वाटते. प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन, कोणत्याही पंथाचा ख्रिस्ती विद्यार्थी घेता येईल. हिंदू आणि मुसलमान मुलांना शिकायला यायची मुभा. त्यांचे आचार आड येत असल्याने त्यांनी आवारात राहायचे नाही एवढेच. जात, वर्ण किंवा देश यांवरून कुणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही. आणि लग्न हे कॉलेजच्या प्रमुखापासून शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत कुणालाच कोणत्याही जागेसाठी आड येणार नाही. हे शेवटचे कलम गंमत म्हणून घातलेले नाही: त्या काळी ऑक्सफर्ड–केंब्रिजचा फेलो लग्न करताच जागा गमावत असे, आणि बंगालमधल्या कॉलेजात येणारा विद्यार्थी बऱ्याचदा आधीच लग्न झालेला असे. अध्यापकांवर मात्र बंधन होते. ख्रिस्ताचे ईश्वरत्व नाकारणारा माणूस त्या जागेवर राहू शकत नव्हता.

नियम झाले, पण पदव्या कुणाला द्यायच्या? इथे हिशेबाच्या वह्या बोलतात. जानेवारी १८३० मध्ये कलकत्त्याची पामर आणि कंपनी बुडाली, आणि तिच्यामागून इतर मोठ्या पेढ्या. मिशनचा आणि शाळांचा पैसा त्यात अडकला होता. त्याच वर्षी सरकारने फोर्ट विल्यम कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जागा मोडल्या. कॅरीच्या हाती निम्म्या पगाराएवढे निवृत्तिवेतन उरले. ज्या पेटीने इमारत बांधली तिला आता प्राध्यापक पोसता येईनात. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारला, ५ डिसेंबर १८३७ रोजी जोशुआ मार्शमन. मॅक १८४५ साली पटकीने गेला. पदवी परीक्षेपर्यंत विद्यार्थ्याला नेण्याएवढे अध्यापकच एका वेळी तिथे नव्हते.

दुसरे कारण बाहेरचे. स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ १८३० साली कलकत्त्यात आला, सेरामपूरला जाऊन म्हाताऱ्या कॅरीला भेटला, आणि परत येऊन त्याने इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. मुले तिथे लोटली. पाच वर्षांत गव्हर्नर जनरल बेंटिंकने सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवला. मातृभाषेतून विज्ञान आणि पायाला संस्कृत, ही १८१८ची योजना चुकीची होती म्हणून हरली असे मला वाटत नाही. नोकरी इंग्रजीत होती. ज्या पदवीने कचेरीत खुर्ची मिळत नाही ती पदवी घेण्यासाठी दहा वर्षे कोण घालवणार?

मग सनद वाचली कशी? तिला वाचवले ते डेन्मार्कच्या माघारीने. नेपोलियनच्या युद्धात इंग्रजांनी सेरामपूर १८०८ ते १८१५ आपल्या ताब्यात ठेवले होते. परत मिळाल्यावर गावाचा व्यापार पुन्हा उभा राहिला नाही. २२ फेब्रुवारी १८४५च्या तहाने डेन्मार्कने तरंगंबाडी आणि सेरामपूरसह हिंदुस्थानातल्या आपल्या जागा १२ लाख ५० हजार रुपयांना कंपनीला विकल्या. तहातले सहावे कलम फक्त या कॉलेजबद्दल आहे. १८२७च्या सनदेने दिलेले हक्क अबाधित राहतील, आणि ते ब्रिटिश सरकारच्याच सनदेने मिळाल्यासारखे मानले जातील, मात्र हिंदुस्थानच्या सर्वसाधारण कायद्यांच्या अधीन, असा त्याचा आशय. एवढ्या मोठ्या विक्रीपत्रात एका कॉलेजसाठी वेगळे कलम घालायला कुणीतरी झटले असणार. जॉन क्लार्क मार्शमन तेव्हा सेरामपूरला होता, सरकारी भाषांतरकार होता आणि ‘फ्रेंड ऑफ इंडिया’चा संपादकही. माझा संशय त्याच्यावर आहे.

तो १८५२ साली विलायतेला परतला, आणि थोड्याच वर्षांत कॉलेज पुन्हा त्या जुन्या सोसायटीकडे गेले. १८५७ साली कलकत्ता विद्यापीठ निघताच सेरामपूर त्याला संलग्न झाले. स्वतःचा पदवीचा अधिकार खिशात ठेवून दुसऱ्याच्या परीक्षेला मुले बसवणे हे विसंगत दिसते, पण व्यवहाराला धरून होते: कलकत्त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत होती. १८८३ साली तेही संपले. कला शाखा बंद पडली आणि त्या भव्य दिवाणखान्याच्या इमारतीत ख्रिस्ती कार्यकर्त्यांना तयार करण्यापुरते शिक्षण उरले. पुढच्या २५ वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

सनद पुन्हा हाती घेतली ती प्राचार्य जॉर्ज हॉवेल्सने. त्याची गरज काय होती हे पाहिले की सगळे जुळते. १८५७च्या विद्यापीठांनी धर्मशास्त्राची शाखाच ठेवली नव्हती. सर्वधर्मीय प्रजेच्या सरकारला ते परवडणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या पंथांच्या मिशनांना इथल्याच भूमीवर धर्मशास्त्राची मान्य पदवी हवी होती. ती देण्याचा हक्क असलेला एकच कागद देशात होता. १९१० साली सेरामपूरला सर्व पंथांसाठी धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण सुरू झाले, पुढच्या वर्षी कला शाखेला कलकत्त्याची संलग्नता परत मिळाली, आणि १९१५ साली सनदेखाली पहिल्या बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदव्या दिल्या गेल्या. १९१८च्या बंगाल कायद्याने ही व्यवस्था पक्की केली: मालमत्तेसाठी कौन्सिल आणि पदव्यांसाठी निरनिराळ्या पंथांचे प्रतिनिधी असलेले सिनेट.

तेव्हापासून हे सिनेट पदव्या देते त्या धर्मशास्त्राच्या. त्याच्या परीक्षा सेरामपूरच्या आवारापुरत्या राहिलेल्या नाहीत; देशभरातली धर्मशास्त्राची कॉलेजे त्याला संलग्न आहेत. यवतमाळहून १९८३ साली पुण्यात बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांपैकी एक, आणि तिथल्या विद्यार्थ्याच्या पदवीमागेही फ्रेडरिक सहाव्याची सनद आणि १८४५च्या तहाचे सहावे कलम आहे. रसायनशास्त्र मात्र, ज्यासाठी कॅरी अमेरिकनांशी भांडला आणि ज्याचे पुस्तक मॅकने बंगालीत लिहिले, सेरामपूरला कलकत्त्याच्या पदवीसाठी शिकवले जाते.